पहिली ओळ

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आमच्या गावातल्या कुणी हे वाक्य वाचलं तर तो हसेल, कारण हीच गोष्ट मी निदान शंभर वेळा सांगितली आहे. बारशाला सांगितली, सत्यनारायणाला सांगितली, एकदा तर बाराव्याच्या जेवणालासुद्धा. फक्त खरी एकदाही सांगितली नाही.

माझी ख्यातीच तशी आहे. स्वतःच्या फजितीच्या गोष्टी सांगणारा माणूस. चुकीच्या हॉलमध्ये शिरून परक्या नवरा-नवरीला आहेर देऊन, वर दोन वेळा श्रीखंड मागून घेणारा तो मीच. त्या गोष्टी खऱ्या आहेत, आणि स्वस्त आहेत. माणूस आपल्या दहा मूर्खपणांवर लोकांना हसवतो तेव्हा अकराव्याकडे कुणी बघत नाही — हे मला फार लवकर कळलं होतं. तुम्हाला कळलंय का कधी?

तर दिपाच्या लग्नाच्या पत्रिका.

दिपा माझी पुतणी. माझा दादा खाणीवर ट्रक चालवायचा. दिपा चौथीत असताना तो आजारपणात गेला. मागे राहिली वयनी — सुमती. ती राज्याच्या सीमेपलीकडची, दोडामार्गाकडली, म्हणून तिचं बोलणं अजून तिकडचंच; तिच्याशी बोलताना आणि देवळात आमचीही तीच बोली. गावच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधून तिनं दिपाला शिकवलं. मी काय केलं? मी काका होतो. पंधरा ऑगस्टला दिपाला झेंडा आणून द्यायचो. हे मी विनोद म्हणून लिहीत नाही, आठवून पाहिलं तर दुसरं काही आठवत नाही.

लग्न ठरलं, आणि पत्रिकेचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं, शिवाय तेव्हा मी घरीच होतो. खाण बंद पडून वर्ष उलटलं होतं. त्याआधी मी खाणीच्या वजनकाट्यावर होतो. खनिजाचा ट्रक काट्यावर चढला की माझी सही झाल्याशिवाय पुढे सरकत नसे. पंचवीस वर्षं ट्रकवाले मला साहेब म्हणत. खाण बंद झाली आणि एका महिन्यात मी साहेबाचा नुसता 'ओ, जरा सरकता का' झालो. हे लक्षात ठेवा. मी ते सबब म्हणून सांगत नाही, पण ते होतं.

डिचोलीच्या बाजारामागे एक छोटा छापखाना होता. मालक मास्तर म्हणूनच ओळखले जायचे. कोरडा, कमी बोलणारा माणूस. वयनी माझ्या स्कूटरवर मागे बसून आली. मास्तरांनी मेजावर नमुन्यांचे जाडजूड आल्बम टाकले, आणि मी लगेच मखमली गोंडेवाल्या पत्रिकेवर झडप घातली. मग उघडल्यावर सनई वाजणारी एक निघाली. मी उघडली. आतून म्हशीला कळा सुटल्यासारखा आवाज आला.

"बॅटरी संपलीय," मास्तर म्हणाले.

वयनी तिकडे बघतच नव्हती. ती एकेक पत्रिका उचलायची, उलटी करायची, कागद दोन बोटांत चोळून बघायची — बाजारात तांदूळ बघावा तसा. वर गणपती असलेली तिनं एकही घेतली नाही. "लगीन सरलां की ही पत्रिका खय जातली? कोणाच्या तरी पायाखाली. देवाक कित्याक त्या वाटेर घालूचां?" शेवटी तिनं एक हळदीच्या रंगाची, साधी, जाड कागदाची निवडली. अक्षरं उठावाची होती. त्यांवरून तिनं बोट फिरवलं आणि मास्तरांना विचारलं, "नावां अशीच उठान दिसतली?"

"डोळे मिटून हात फिरवलात तरी कळतील, वहिनी."

मग ती जरा थांबली आणि हसत हसत, म्हणजे आपलीच चेष्टा करतेय असं दाखवत, म्हणाली, "माझां नाव कधी छापान येवक नाय. रेशन कार्डार असा, पण ता काय छापलेलां म्हणतत?" तिच्या लग्नात पत्रिका नव्हतीच. पाच-सहा हाती लिहिलेली पत्रं, बाकी सगळं तोंडी आमंत्रण.

मास्तरांनी कागदावर मजकूर लिहून घेतला. पहिल्या ओळीत श्रीमती सुमती. त्याखाली मी आणि माझी बायको. वयनीनं तो कागद हातात घेऊन वाचला. लहान मजकूर, पण तिनं बराच वेळ घेतला.

आता तुम्हाला वाटेल, इथून पुढे काहीतरी गफलत झाली असेल. मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं.

चार दिवसांनी प्रूफ तयार झालं. ते मी आणायचं, घरी वयनीला दाखवायचं आणि परत द्यायचं, असं ठरलं होतं. मी एकटाच गेलो. मास्तरांनी प्रूफ पुढे ठेवलं. सुंदर होतं. पहिली ओळ सगळ्यात मोठी. माझं नाव दुसऱ्या ओळीत, 'सौ. व श्री.'च्या घोळक्यात. मला नवऱ्याकडची माणसं दिसायला लागली — शिकलेली, म्हापशातली, दारात दोन गाड्या असलेली. पत्रिका हातात घेऊन ती विचारतील, ह्या घरात कर्ता कोण? आणि बोट माझ्यावरून घसरून वर जाईल. काट्यावरचे जुने सोबती बघतील. मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो ना, की मुलीचं लग्न मी करून देतोय?

मी मास्तरांना म्हणालो, विधवेचं नाव पहिल्या ओळीत बरं दिसत नाही. आमच्याकडे रीत नाही तशी.

रीत. बघा, केवढा सोयीचा शब्द. दादा गेल्यावर गावातल्या कितीतरी लग्नपत्रिका माझ्या हातून गेल्या होत्या, त्यांतल्या दोन-तीन आयांच्याच नावाच्या होत्या. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"मग खाली घेऊ?" मास्तर.

"नको. काढाच."

"वहिनींना विचारलंत?"

"विचारलं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि लाल पेन पुढे केलं. "तर मग तुम्हीच खोडा. मी कुणाच्या आईचं नाव खोडत नाही."

मी खोडलं. सरळ रेघ मारली आणि छापखान्याच्या पद्धतीप्रमाणे खाली 'बरोबर आहे' लिहून सही केली. बऱ्याच दिवसांनी माझ्या सहीनं काहीतरी पुढे सरकणार होतं. परत येताना मी गुणगुणत होतो, हेही लिहितो. घरी प्रूफ दाखवलं नाही. सांगितलं, छापायला गेलंसुद्धा, घाई आहे त्यांना.

आमच्याकडे पहिली पत्रिका देवाची. गठ्ठा आला तरी सोडत नाहीत. तो तसाच देवळात नेतात, गुरव पहिली पत्रिका काढून देवासमोर ठेवतो, मजकूर वाचतो आणि घराच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो. म्हणजे वयनीला कळणार ते तिथेच, देवासमोर, दहा माणसांत. ह्याचा मी विचार केला नव्हता का? केला होता. तिथे ती बोलणार नाही, असा केला होता.

ती नवी साडी नेसून आली होती. गुरवानं दोरी सोडली, पत्रिका उघडली आणि थांबला. वरची ओळ कोरी होती. मास्तरांनी नाव काढलं होतं, पण खालचा मजकूर वर सरकवला नव्हता. एका नावापुरती जागा तशीच रिकामी. गुरवाचं बोट त्या कोऱ्या जागेवर गेलं, तिथून खाली माझ्या नावावर आलं आणि परत वर गेलं.

"चेडवाच्या आवयचां नाव खंय?"

मुलीच्या आईचं नाव. वयनी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. मला माहीत असेल, मी सांगेन, म्हणून बघत होती.

मी म्हणालो, "छापूचां रवलां. मास्तर विसारलो."

गुरव जुना, जाणता माणूस. त्यानं तिथल्या तिथे सावरून घेतलं. गाऱ्हाण्यात म्हणाला, बा देवा म्हाराजा, छापणाऱ्याच्या हातसून काय चूकभूल झाली आसात, तर ती पदरात घे, आणि ह्या आवयचां बोलावणां मानून घे, म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. सगळ्यांत मोठ्यानं.

घरचे पोरगे मास्तरांना जाब विचारायला निघाले. वयनीनं त्यांना अडवलं. देवाकडचा नारळ पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "चला भावजी, मीच सांगतंय तेंका." छापखान्यात शिरून तिनं तो नारळ मेजावर ठेवला. "मास्तर, मनाक लावन घेव नका. माणसाकडसून चूक जाता."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे. त्यांचा हात मेजाच्या खणाकडे गेला. माझी लाल रेघ आणि माझी सही त्या खणात होती. मी स्कूटरची चावी बोटाभोवती फिरवत दारात उभा होतो. हात खणावर राहिला. मग मागे आला.

"कागद उरलाय, वहिनी. उद्या दुपारपर्यंत परत छापून देतो."

वयनी चटकन माझ्याकडे वळली. इतकं आनंदलेलं मी तिला दादा गेल्यानंतर बघितलं नव्हतं. म्हणजे देवानं, मास्तरांनी, सगळ्यांनी मिळून मला परत एक संधी दिली होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण परत छापायचं तर मास्तर ते प्रूफ काढणार, तिच्यासमोर काढणार —

मी म्हणालो, "देवाकडे ठेवलेली पत्रिका बदलूची नसता."

अशी कुठलीच रीत नाही. ती मी त्या दारात तयार केली. वयनीनं ऐकली, मान हलवली आणि हळदीच्या त्या कागदावरून एकदा बोट फिरवून पिशवी उचलली.

"माझ्याच हातून राहिलं म्हणा," मास्तर म्हणाले. हे त्यांनी कुणाला म्हटलं, ते मला नक्की माहीत आहे.

पुढचे पंधरा दिवस मी तिला स्कूटरवरून इब्रामपूरपासून डिचोलीपर्यंत दारोदार नेलं. प्रत्येक उंबऱ्यावर ती पत्रिकेला हळदकुंकू लावायची, हातात द्यायची आणि म्हणायची, "नाव छापूचां रवलां, पण बोलावणां माझांच." किती घरं? मी मोजली नाहीत. मी प्रत्येक घरी चहा घेतला.

लग्न चांगलं झालं. आणि मग मी ह्याची गोष्ट केली. गुरवाचं थबकलेलं बोट, माझा चेहरा, गाऱ्हाण्यात शिरलेले मास्तर — नकला करून सांगायचो. 'व्हय म्हाराजा' आलं की अख्खं घर माझ्यासोबत म्हणायचं. मास्तरांना मी नाव ठेवलं, 'आवयक विसारलेलो मास्तर', आणि ते डिचोलीच्या बाजारापर्यंत पोचलं. लोक तिथे पत्रिका द्यायला गेले की हसत हसत म्हणायचे, आईचं नाव घाला हां. मग जायचेच कमी झाले. पुढे छापखाना बंद झाला. सगळे म्हणतात, मोबाइलनं खाल्ला. मीही म्हणतो.

मी गोष्ट सांगायचो तेव्हा वयनी तिथेच असायची, चहा देत. तीही हसायची.

परवा माझ्या मुलाच्या पत्रिका ठरल्या. तो मोपाच्या विमानतळावर नोकरीला आहे. त्याला नुसता मोबाइलवरचा निरोप पुरला असता, पण देवाला आणि वडीलधाऱ्यांना द्यायला एक गठ्ठा छापायचा ठरला. कागद निवडायला वयनीलाच बसवलं. तिनं पुन्हा हळदीचाच रंग काढला. प्रूफ माझ्या मोबाइलवर आलं. पहिल्या ओळीत मी तिचं नाव घातलं होतं, घरातली थोरली म्हणून. तिनं चष्मा लावला, दोन बोटांनी ओळ मोठी केली. बराच वेळ बघितलं.

"ह्यां कित्याक? मी खय झिलाची आवय?"

मी मोबाइलचा उजेड वाढवून दिला.

"दिपाच्या वेळार रवलां, म्हणान घातल्यात काय?"

सोप्यावर आम्ही दोघंच होतो. दुपार होती, कुणाची घाई नव्हती, देऊळ नव्हतं, गुरव नव्हता, कुणी हसायला नव्हतं. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती, तशीच — मला माहीत असेल, मी सांगेन, म्हणून.

मी म्हणालो, "व्हय वयनी. तेव्हा रवलां."

"बरां केल्यात," ती म्हणाली, आणि मोबाइल घेऊन माझ्या बायकोला दाखवायला आत गेली.

राहिलं नव्हतं. पहिल्या ओळीत होतं, आणि ते मी खोडलं.