दुष्काळात जाड असणं

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावातली सगळी माणसं वाळत चालली होती आणि मी एकटी फुगत होते.

मी तेव्हा वीस वर्षांची. माहेर येडशीचं, वडील रेल्वेत गँगमन, त्यामुळं सातवीपर्यंत शाळा झालेली. दिली होती लोहाऱ्याकडच्या एका गावात. गावाच्या कडेला आमची बौद्धांची वस्ती, तिथं दोन खणांचं घर. घरात सासू, नवरा, मी आणि सव्वा वर्षाची मुलगी. मुलगी झाल्यावर सहा महिन्यांत माझं अंग भरायला लागलं. आधी चेहरा सुजल्यासारखा झाला, मग हात, मग पोटऱ्या. बांगड्या इतक्या रुतल्या की फोडूनच काढाव्या लागल्या. लोक उन्हानं तडफडायचे तेव्हा मला थंडी वाजायची. केस मुठीनं गळायचे, आवाज पुरुषासारखा घोगरा झाला होता. सकाळी उठताना उरावर कुणी दगड ठेवलाय असं वाटायचं. आणि खाणं म्हणाल तर रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची दिवसाला एक भाकर, तोंडी लावायला मिरची. हे मी आजही शपथेवर सांगते, कारण तेव्हा ते कुणी खरं मानलं नाही.

गावाजवळ रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. बायकांना खडी फोडायचं काम होतं. पहिल्या दिवशी मुलीला काखेत घेऊन मी रांगेत उभी राहिले. हजेरी घेणारा मुकादम गावातलाच, माझ्या नवऱ्याच्या वयाचा. त्यानं मला खालून वर न्याहाळलं.

"तू कशाला आलीस गं? चार महिने पुरंल एवढं हाय की तुझ्या अंगावर. ज्याच्या पोटात न्हाय त्याला मिळू दे काम."

रांगेतल्या बायका हसल्या. त्यांत आमच्या वस्तीतल्या बायकाही होत्या. नवरा पुढं पुरुषांच्या रांगेत होता. त्यानं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी काम तपासायला सरकारी ओव्हरसियर आला होता. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, खडी मापून पैशे देता न्हवं?"

"हो. का?"

"मग माझी खडी मापा. मला कशाला मापताय?"

तो मुकादमाला म्हणाला, "घे हिचं नाव." माझं नाव लागलं. पण खोटं का बोलू, माझा ढीग सगळ्यांपेक्षा लहानच व्हायचा. हातोडा उचलला की खांदा भरून यायचा, बोटं बधिर व्हायची. मुकादम येता-जाता म्हणायचा, "खायला पुढं आन् कामाला मागं." मी दुखणाईत असेन हे एवढ्या माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. हाडं निघालेल्या बाईला सावलीत बसवत होते, पाणी देत होते. माझ्यासारखीला दुखणं असूच शकत नाही, असं ठरून गेलं होतं.

दुपारी कामावर सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा सरकारी खाऊ, वाटायचे. एक दिवस सुकडीचं पोतं कमी भरलं. कुठं गेलं, कुणी नेलं, कशाची चौकशी झाली नाही. मुकादम दोन माणसं घेऊन थेट आमच्या दारात आला. आमच्या वस्तीतली बाई आणि वर जाड, म्हणजे चोरी झाली ती इथंच! सासूनं त्यांना अडवलं नाही. उलट स्वतःच्या हातानं एकेक गाडगं, एकेक डबा त्यांच्यासमोर पालथा केला. म्हणाली, "बघा, नीट बघा. मला बी वाटतंय ही कुठंतरी चोरून खाती."

माझ्या अंथरुणाची गोधडीसुद्धा झटकली त्यांनी. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून कुणाला लाजही वाटली नाही. दुसऱ्या दिवशी सुकडी वाढणारा माझ्यापाशी आला आणि "हिला नगं" म्हणून पुढं गेला. माझं राहू द्या, पण मांडीवरच्या लेकराचीसुद्धा सुकडी त्यानं टाकली नाही. माझ्या शेजारी खडी फोडणारी एक मराठ्याची म्हातारी होती, आमचं बोलणंही फारसं नव्हतं. तिनं आपल्या वाट्यातली मूठभर सुकडी मुलीच्या हातात दिली आणि त्याला ओरडून विचारलं, "लेकरू कुठं जाड हाय रं भाड्या?" त्या सबंध कामावर माझ्या बाजूनं निघालेला तो एकच आवाज.

पुढं आठवडाभरात आमच्या भागातल्या एका सोसायटीचे चेअरमन जीपमधून काम बघायला आले. दोन-तीन अधिकारी बरोबर होते. चेअरमनांचं पोट आधी जीपमधून उतरलं, मग ते उतरले. मुकादम पळत जाऊन गावातनं लोखंडी खुर्ची घेऊन आला. बाजूच्यांत कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "सायबांची तब्येत बघा कशी दांडगी." त्यांच्या घरची गाडगी कुणी पालथी केली नव्हती.

चेअरमनांची नजर माझ्यावर पडली. अधिकाऱ्यांकडं वळून ते म्हणाले, "कोण म्हणतंय दुष्काळ हाय? हिच्याकडं बघा की!"

साहेब लोक हसले, मुकादम सगळ्यांत मोठ्यानं. माझ्या हातात हातोडा तसाच होता. मी बसल्या जागेवरनंच म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं बघून बी दिसंना की दुष्काळ."

चेअरमन खुर्चीवरनं उठले आणि जीपकडं गेले. संध्याकाळच्या आत माझं नाव हजेरीतून गेलं. घरी नवरा म्हणाला, "तुला गप बसता येत न्हाय का? उद्या माझं बी काम जाईल." सासूनं भाकरी थापल्या, त्या मला सोडून सगळ्यांपुरत्या. मी मुलीला तिच्या वाट्याचं भरवलं आणि सकाळच्या एसटीनं माहेरी आले. तिकिटासाठी पायातली जोडवी विकली.

वडिलांनी मला दारात बघितलं आणि ओळखलंच नाही. मग जवळ आले, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवला. "हे खाल्ल्यालं अंग न्हाय," ते आईला म्हणाले. "पोरीला काहीतरी झालंय." दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी मला रेल्वेच्या छोट्या गाडीनं बार्शीला नेलं. दवाखान्यात एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी मला काय खातेस असं विचारलंच नाही. थंडी वाजते का, केस गळतात का, झोप फार येते का, असं एकेक विचारत गेल्या आणि मी प्रत्येकाला व्हय म्हणत गेले. शेवटी मला रडूच फुटलं. इतक्या दिवसांत मला काय होतंय हे कुणी विचारलं नव्हतं.

"बाई, उपाशी राहून माणूस जाड होतं का?" मी विचारलं.

"होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या गळ्यातली ग्रंथी, थायरॉईड म्हणतात तिला, ती काम करत नाही. यात तुझा काही दोष नाही."

"हे मला कागदावर लिहून द्या."

त्यांनी मराठीत, स्वच्छ अक्षरांत लिहून दिलं. गोळ्या सुरू झाल्या. चार-पाच महिन्यांत सूज उतरली, आवाज परत आला, मी पहाटे आपोआप उठायला लागले. पाऊसपाणी झाल्यावर नवरा न्यायला आला. सासरी गेल्या गेल्या मी सासूला समोर बसवून तो कागद वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "कागद काय, कुणी बी लिहितंय. मायरी चोरून खायाला मिळालं न्हाय, म्हणून उतरलीस." त्या दिवसापासून घरातलं पीठ आणि डाळ माझ्या ताब्यात घेतली, ती तिच्या मरेपर्यंत सोडली नाही. मुकादमानं कधी माफी मागितली नाही. रस्त्यात भेटला की म्हणायचा, "आता कशी माणसात आलीस." म्हणजे आधी मी माणसात नव्हते.

पुढं ऐंशीनंतर मला अंगणवाडीत नोकरी लागली. तोवर भागात साखर कारखाने, दूध सोसायट्या झाल्या होत्या, आणि सोसायट्यांत बसणारे एकेक करून रुंद होत होते. त्यांच्या बायकांचे गुडघे दुखायला लागले, कुणाला साखरेचा आजार निघाला. गाव त्याला लक्ष्मी आली म्हणायचं. त्यांच्यासाठी सोलापूरचे डॉक्टर होते. वस्तीतली, तांड्यावरची बाई मात्र अंगानं भरली की तिची मजुरी कमी व्हायची. ऊसतोडीचा मुकादम नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरायचा आणि त्या हिशेबानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायचा. आमच्या वस्तीतल्या एका जाड सुनेला बघून तो तिच्या नवऱ्याला म्हणाला, "ही चढल का उसाची मोळी घेऊन ट्रकवर? तुमचा अर्धाच कोयता धरतो."

मी तिथंच होते. "तिला मोळी उचलायला लावून तर बघा," मी म्हणाले.

"बाई, तुमी पोरं मोजा," तो म्हणाला. "माझी माणसं मला कळत्यात."

मी भांडले, पार सरपंचापर्यंत गेले. उपयोग झाला नाही. ती दोघं अर्ध्या उचलीवर गेली. सहा महिन्यांनी परत आली तेव्हा तिनं मला डोक्यावरचे घट्टे दाखवले. दुसऱ्या कुठल्याही बाईएवढ्याच मोळ्या तिनं वाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी तिला एसटीत बसवून बार्शीला, त्याच दवाखान्यात घेऊन गेले.