काही घाई नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. एकदा सांगायला गेलो होतो — भर दुपारी, सुनंदा मटार सोलत बसली होती — आणि ऐनवेळी तिला विचारलं, फ्रोझन का नाही आणलेस? असा मी. तेव्हा तुम्हीच ऐका. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे जरा सोपं जातंय.

गोष्ट हरणाच्या मुंडक्याची आहे. हसू आलं तर हसा. मलाही सुरुवातीला हसूच आलं होतं.

आमच्या अनघाने एरिकशी लग्न केलं. मुलगा इथलाच, मिशिगनचा. त्याचे वडील वॉल्ट, ॲन आर्बर शहराच्या उत्तरेला, आमच्यापासून तासाभरावर राहायचे. जन्मभर प्लंबिंग केलेला, ऐसपैस हातांचा माणूस. लग्नात सुनंदाने त्याला समजावलं, की मुलीचा सासरा तो आमचा व्याही. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही, याची त्याला फार गंमत वाटली. तेव्हापासून तो हार्डवेअरच्या दुकानातसुद्धा माझी ओळख ‘माय व्याही’ अशी करून द्यायचा. आम्ही शाकाहारी, म्हणून त्याने घरात एक वेगळा बिडाचा तवा ठेवला होता. त्यावर मांस शिजवायचं नाही, अशी घरात सगळ्यांना ताकीद. आम्ही वर्षातून चारदा जाणार, पण तवा वर्षभर वेगळा.

अशा माणसाचं कोण वाईट करील?

मीरा, आमची नात, तेव्हा दहा वर्षांची होती. दर रविवारी मी तिला मराठी शिकवायचो. बाराखडी, मग एखादं स्तोत्र. ती यायची, गुणी मुलीसारखी म्हणायची आणि डोळा घड्याळाकडे. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. त्या नोव्हेंबरात — निवडणुकीच्या पाट्या अजून लोकांच्या लॉनवर होत्या — रविवारचा वर्ग कॅन्सल झाला, कारण वॉल्ट तिला शिकारीला नेणार होता. माझ्यापुढे दहा मिनिटं स्वस्थ न बसणारी पोर पहाटेपासून त्या थंडीत अवाक्षर न काढता बसली. हरीण आधी तिलाच दिसलं. तिने नुसता वॉल्टच्या बाहीला हात लावला. गोळी त्याने झाडली, पण हरीण तिचं, असं त्याने जाहीर केलं.

घरी येऊन तिने मला ते सगळं सांगितलं. तासभर. मी तिला इतकं बोलताना कधीच पाहिलं नव्हतं.

शिंगांसकट ते मुंडकं भिंतीवर लावण्यासाठी करून घ्यायचं ठरलं. आपण पेंढा भरणं म्हणतो, पण हल्ली पेंढा नसतो. कातडं मीठ लावून टॅनरीत, म्हणजे कातडी कमावायच्या कारखान्यात जातं, तिथे महिनोन्‌महिने रांगेत पडतं. मग ते फोमच्या साच्यावर चढवायचं, काचेचे डोळे बसवायचे, सुकू द्यायचं, नाकाडोळ्यांशी रंग भरायचा. वर्ष सहज जातं. हे काम करणारी बॉनी नावाची बाई माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होती. वॉल्टने स्वतः तिच्याकडे नेऊन दिलं. वर्ष तर वर्ष, म्हणाला, चांगलं होऊ दे.

मार्चमध्ये त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर उन्हाळ्यापलीकडचं काही बोलेनात.

एप्रिलच्या शेवटी त्याने मला बोलावलं. एरिक कामासाठी आठवडाभर टेक्सासला असायचा, वॉल्टच्या बायकोला त्याच्यापासून हलता येत नव्हतं. मी निवृत्त, गाडी दाराशी. तो म्हणाला, “बॉनीला जाऊन विचार, लवकर होईल का. का ते पण सांग. फोनच्या आन्सरिंग मशिनवर नको, समोर जाऊन सांग. मीरा ते पहिल्यांदा बघेल तेव्हा मला तिथे असायचंय.”

त्याने माझ्याकडे तेवढं एकच मागितलं. नंतर नाही, आधीही नाही.

मी गेलो. बॉनीची शेड घरामागे होती. आत सगळीकडे माना, शिंगं, अर्धवट चेहरे. केमिकलचा आणि ओल्या केसांचा वास. मी नाकाला रुमाल लावला, हे खरं आहे. आणि पुढे कित्येक महिने मी स्वतःला हेच सांगत आलो — किळस आली, डोकं चालेना, म्हणून तसं झालं. जन्माचा शाकाहारी माणूस, काय करणार? किती छान कारण आहे, नाही?

पण ते खरं नाही. मी नीट उभा होतो. डोकंही नीट चालत होतं.

मी वॉल्टचं नाव सांगितलं. तिने हात पुसले. कातडं नुकतंच टॅनरीतून परत आलं होतं, कोपऱ्यातल्या फ्रीजरमध्ये होतं. त्याच्या आधी बरीच कामं होती. नंबराने ऑक्टोबर उजाडेल, म्हणाली. मग तिने विचारलं, “घाई आहे का? तसं काही असेल तर मी पुढे घेते.”

मला एवढंच सांगायचं होतं की तो मरतोय.

आणि मला दिसलं — अगदी स्पष्ट — वॉल्ट खुर्चीत बसलाय, मीरा त्याच्या गुडघ्याशी, भिंतीवर ते हरीण. तिला जन्मभर आठवेल असा एक दिवस. तिच्या मुलांना ती सांगेल असा. आणि मी? मी मागे सोफ्यावर, बाराखडीचे आजोबा. तो जाणार होता, तरी तिला घेऊन जाणार होता. मला तो दिवस त्याला द्यायचा नव्हता.

“नाही,” मी म्हणालो. “काही घाई नाही. सावकाश होऊ द्या.”

झालं. इतकंच. वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

वॉल्टला सांगितलं, ऑक्टोबरच्या आधी होत नाही. म्हटलं तर खोटंही नव्हतं. तो जुलैत गेला.

ऑक्टोबरात अनघा, मीरा आणि मी हरीण आणायला गेलो. फार सुंदर झालं होतं. मान जराशी वळलेली, काहीतरी चाहूल लागल्यासारखी. मीरा हळूच त्याच्या कानाला हात लावत होती. अनघाला राहवलं नाही. ती बॉनीला म्हणाली, “माझे सासरे गेले. त्यांना हे बघायचं होतं. बाबा एप्रिलमध्ये येऊन तुम्हाला सांगून गेले होते ना?”

बॉनीने माझ्याकडे पाहिलं. “मला तर —” म्हणाली आणि थांबली. मग मीराकडे पाहिलं. पोर अजून त्या कानाशीच होती.

“माझ्याकडून राहिलं असेल,” ती अनघाला म्हणाली. “आय ॲम सो सॉरी.”

तेव्हा बोलता आलं असतं. तिने माझ्यासाठी नव्हे, त्या मुलीसाठी स्वतःवर घेतलं होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. मी हरणाला गुंडाळायला गाडीतून ब्लँकेट आणलं.

वाटेत अनघा धुमसत होती. इतकी कशी केअरलेस असू शकते, म्हणत राहिली. मी म्हणालो, “जाऊ दे, असल्या कामांना वेळ लागतो.” पुढे तिने एरिकला सांगितलं, एरिकने वॉल्टच्या शिकारीच्या मित्रांना. ते बॉनीकडे जायचे बंद झाले. दोन वर्षांनी तिथून जाताना शेडला कुलूप दिसलं. गाड्यांचे कारखाने बंद पडतायत, लोकांकडे अशा हौशींना पैसा कुठाय — त्यामुळेही असेल. असं मी म्हणतो.

हरीण अनघाच्या घरी जिन्यापाशी आहे. मीरा आता चौदा वर्षांची. रविवारी येत नाही. कुणी नवीन माणूस आलं की ती सांगते, हे माझं आणि ग्रँडपा वॉल्टचं, पण त्याला बघायला मिळालं नाही, कारण करणारी बाई विसरली. मी तिथेच बसलेला असतो.

एक राहिलंच. बॉनीकडून ऑक्टोबरचा निरोप घेऊन मी वॉल्टकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. त्याने माझा हात धरला. हाताची नुसती हाडं राहिली होती. म्हणाला, “तुझ्यासारख्याला त्या खोलीत उभं राहणं किती जड गेलं असेल, मला माहीत आहे. तरी माझ्यासाठी गेलास.” आणि बायकोला हाक मारून म्हणाला, माझ्या व्याह्यासाठी चहा कर.

तो गेल्यावर तिने तो बिडाचा तवा आम्हाला दिला. सुनंदा रोज वापरते. आज सकाळी तिने त्यावर थालीपीठ लावलं. मी खाल्लं.