दादाची थाळी

पॉवरलूमच्या तेलाचा वास आला की मला भिवंडीतली ती रविवारची दुपार आठवते. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, लूमवर डबल शिफ्ट करून मला, आमच्या घरातून शिकायला जाणाऱ्या पहिल्याला, कॉलेजात धाडलं आणि मग स्वतः दारूत बुडाला. दर रविवारी चर्चमधली उपासना संपली की मी त्याला निजामपुऱ्यातल्या गुत्त्यावरून उचलून आणायचो. त्या दिवशी निघालो तर आई म्हणाली, "नको जाऊ. त्याला मी प्रभूच्या हाती सोपवलाय." माझं डोकंच फिरलं. "हरवलेल्या मेंढरामागे मेंढपाळ जातो ना? की ते बायबलातलं नुसतं चर्चमध्ये वाचायचं?" मी ओरडलो. दादाची थाळी मांडत ती म्हणाली, "मेंढराला वाट कळत न्हाय रे. घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राला कळत होती, तो आपला आपण परतला. त्याचा बाप शोधाया गेला न्हाय, दारात वाट बघत ऱ्हायला." मी ती थाळी उचलून भिंतीवर फेकली. तिने ती आणली, पदराने पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली. मी गेलो नाही. दादा त्या दिवशी आला नाही, नंतरही कधी आला नाही. आता आईही नाही. पोचा पडलेली ती थाळी दर रविवारी मी मांडतो, पण अजून आपटूनच.