हात पुढे धरून

माझ्या भावाने आईला खोलीत कोंडलं आणि वर मलाच समजावत होता, की हे तिच्या भल्यासाठी आहे.

भिंगारला त्याचं क्वार्टर आहे. त्या दुपारी कॉलेजातून मी थेट तिकडे गेले, तर आईच्या खोलीला बाहेरून कडी. काढली. आई पलंगाच्या कडेला बसली होती, कपाळावर टेंगूळ, नाक खरचटलेलं. भाऊ म्हणाला, "तिचं डोकं गेलंय. समोर दार असलं तरी सरळ चालत जाऊन आपटते. डॉक्टर म्हणाले, या वयात असा भ्रम होतो. आता हिला एकटीला सोडायचं नाही."

"तिला दिसत नाही," मी म्हणाले.

"शिंगणापुरात तरी कुठे दिसत होतं? तिथे नव्हती आपटत."

माझं डोकं फिरलं ते यामुळेच. उत्तर त्याच्या नाकासमोर होतं. आम्ही दोघं त्याच घरात वाढलो. शिंगणापूरच्या आमच्या घराला चौकट होती, दार नव्हतं. ना पुढे, ना मागे, ना आतल्या खोल्यांना. एक पडदा, आणि कुत्रं शिरू नये म्हणून आडवी लावायची फळी. शनिदेव राखण करतो, म्हणून गावात कुणी दार बसवत नसे. आई त्याच गावात जन्मली आणि त्याच गावात दिली. उभ्या आयुष्यात ती दाराच्या घरात राहिलीच नव्हती. काचबिंदूने तिची नजर हळूहळू गेली, तरी आम्हाला पत्ता लागला नाही, कारण ती पूर्वीसारखीच चुलीपासून ओट्यावर आणि ओट्यावरून गोठ्यात फिरत होती. एकदा मी होते त्याच्या उलट्या बाजूला तिने चहाचा कप धरला, तेव्हा कळलं. मग भावाने तिला आपल्याकडे भिंगारला आणलं.

मी तत्त्वज्ञान शिकवते. शरीर आणि आकलन यांच्यावर आमच्याकडे एक अख्खं प्रकरण आहे. गेल्या शतकात युरोपातल्या काही विचारवंतांनी मांडलं, की अंग म्हणजे मेंदूने हाकायची गाडी नव्हे. जग आधी अंगाला कळतं, विचार मागाहून येतो. ओळखीच्या जिन्यावर आपण पायऱ्या बघत नाही, पायच चढतात. पुढे मानसशास्त्रवाल्यांनी, रुग्णसेवा शिकवणाऱ्यांनी, घरांचे नकाशे काढणाऱ्यांनीसुद्धा हे उचललं. दरवर्षी मी आंधळ्याच्या काठीचा दाखला देते, की काठीचं टोक हेच त्याचं बोट होतं. पोरं मुकाट्याने लिहून घेतात. आणि माझ्याच घरात, जिच्या अंगात अख्खं घर मुरलेलं होतं, तिला वेडी ठरवून बाहेरून कडी घातली होती.

"अरे, तिच्या अंगाला दार म्हणजे काय हेच ठाऊक नाही," मी भावाला म्हटलं. "चौकट हाताला लागली की पुढे मोकळं, एवढंच ते शिकलंय. तिचं डोकं शाबूत आहे. तुझंच ठिकाणावर नाही."

"झालं तुझं लेक्चर? सगळ्यांच्या घरांना दारं असतात. शिकेल हळूहळू."

ती शिकलीच होती, आणि तेच मला बघवेना. पाणी प्यायला उठली ती दोन्ही हात समोर ताठ धरून, पाय घासत. हीच बाई डोक्यावर घागर घेऊन घरभर हात हलवत फिरायची.

"हात कशाला धरलेस गं पुढे?"

"दार आसतंय ना. कुठनं यील सांगता येत न्हाई." मग हळूच म्हणाली, "मला माझ्या घरी सोड. हितं माझी मीच मला घावंना."

भाऊ म्हणाला, "तिकडे पडली-झडली तर मला फोन करू नकोस." मी केला नसताच. रजा टाकली, गाडी ठरवली, तिची पिशवी भरली. वहिनीने लोणच्याची बरणी दिली. तिच्यावर माझा राग नव्हता.

वाटेतलं घोडेगाव मागे पडलं तसं आईला बोलणं सुचायला लागलं. गाडी गल्लीत थांबली. उतरताच तिने पायाने जमीन चाचपली, उताराची ओळख पटली आणि माझा हात झटकला. "सोड. आता कशाला?" तिचे दोन्ही हात खाली आले. पदर सावरत ती झपाझपा निघाली, भिंतीला खांदा लावून वळली, ओट्याच्या पायऱ्या चढली. मी पिशव्या घेऊन मागे. त्या डॉक्टरला इथे आणून उभा करावा, असं मनात आलं.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला.

नवंकोरं लोखंडी दार होतं, कुलूप लावलेलं. आईच्या नाकातून रक्त आलं. तिने तळहाताने दार वर-खाली चाचपलं आणि मला विचारलं, "कुनाच्या घरी आनलंस मला?"

"आपलंच आहे, आई."

"आपल्या घराला दार कसं आसंल?"

मी भावाला फोन लावला. "घर रिकामं होतं, म्हणून बसवलं. गावात आता पुष्कळांनी बसवलीत," तो म्हणाला. "किल्ली शेजारच्या काकांकडे आहे." हे आधी सांगायला त्याचं तोंड कुणी शिवलं होतं? तेही विचारलं, आणि आणखी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकांनी कुलूप काढलं. मी म्हटलं, "काका, पहार आणा. हे दार आत्ताच्या आत्ता निघालं पाहिजे."

"ऱ्हाऊ दे की पोरी. उघडं ठिव."

"उघडं ठेवलं तर वाऱ्याने हलणार. अर्धवट उघडं दार आंधळ्याच्या कपाळातच बसतं."

त्यांनी पहार आणली. पहार घालून दार बिजागरीतून उचकटलं, दोघांनी उचलून गोठ्यामागे टाकलं. मी आईचं नाक पुसलं. "दार काढलं, आई. चल आता, मोकळं आहे."

ती उंबऱ्याशी आली. बोटं चौकटीला लागली. पुढे काहीच नव्हतं. तरी ती थांबली, दोन्ही हात समोर ताठ धरले आणि पाय घासत आपल्याच घरात शिरली.

मी आता तिथूनच कॉलेजला जाते-येते. दार गोठ्यामागे गंजत पडलंय. आई चुलीपासून ओट्यापर्यंत एकटी येते, कुठेही आपटत नाही. हात मात्र पुढेच असतात.