शालूची पट्टी

माझी बायको माघात गेली. सवाष्ण गेली, नशीबवान, असं बाया म्हणत होत्या. मला राग आला. कशाचं नशीब? तिनं एक साधी गोष्ट मागितली होती, ती मी जन्मभर टाळली.

मी सातवी शिकलेला. आखाडा बाळापूरकडच्या एका हायस्कुलात शिपाई होतो. तिथं प्रयोगाच्या खोलीत वीज तयार करायचं जुनं यंत्र होतं. लाकडी चौकटीत परातीएवढं काचेचं चाक, फिरवायला दांडा, चाकाला घासणाऱ्या रेशमाच्या गाद्या आणि पुढं पितळी गोळा. ना तार, ना सेल. चाक फिरवून गोळ्याजवळ बोट नेलं की चट् करून ठिणगी पडायची. दांडा माझ्या हातात असायचा. पोरं ओरडायची अन् मला वाटायचं, मीच वीज पाडून राहिलो.

एका साली गाद्यांचं रेशीम उंदरांनी कुरतडलं. विज्ञानाचे सर म्हणाले, "अस्सल रेशीम पाहिजे. टेरिकॉट चालत नाही."

"घरी हाय की, सर."

मोठेपणा, दुसरं काय! बायकोच्या लग्नातल्या शालूची हातभर पट्टी कापून नेली. तिला विचारलं न्हाई.

पुढं पुतणीच्या लग्नासाठी तिनं शालू उलगडला. बराच वेळ बघत बसली.

"उंदरानं खाल्लं म्हणावं तर काप सरळ हाय. दोन पायाचा उंदीर दिसतो."

मी खरं सांगितलं. ती भांडली न्हाई.

"लाईट लागती का त्यानं?"

"लाईट न्हाई. ठिणगी पडती."

"मग मला दाखवा एकदा. माझ्या शालूची ठिणगी हाय ती."

"शाळेत तुझं काय काम? दाखवीन कधी तरी."

कोरड्या हवेत यंत्र चांगलं चालतं, हे मीच तिला फुशारकीनं सांगितलेलं. म्हणून दर हिवाळ्यात ती विचारायची, "यंदा दाखवता का?" मी म्हणायचो, "बघू." मग चाकाला तडा गेला, मी रिटायर झालो. तिनं विचारणं सोडलं.

"जाताना मला माझा शालू नेसवा," असं तिनं माझ्या बहिणीला सांगून ठेवलं होतं. बायांनी पेटी उघडली. बहिणीनं शालू धरला, तर कापलेल्या जागेतून पलीकडची भिंत दिसली.

"वहिनीला फाटकं नेसवून पाठवायचं व्हय?" ती म्हणाली. दुकानातून नवं हिरवं लुगडं आणलं.

मी दारातच उभा होतो. मी कापलंय, तसंच नेसवा, एवढं म्हणायचं होतं.

पंधरा दिवसांनी दुपारी मी शालू बाहेर काढला. सर दरवर्षी पहिल्या तासाला काचेची नळी रेशमावर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवायचे. दाराशी उभं राहून मी ते किती वेळा बघितलं असेल! कंदिलाची काच पुसून उन्हात ठेवली, तापल्यावर शालूवर खसाखसा घासली. कॅलेंडरच्या पानाचे बारीक कपटे केले होते. ते टुणकन उडून काचेला चिकटले.

ठिणगी न्हाई, पण वीज तीच. म्हणजे यंत्र लागतच न्हवतं. शाळेतही जायचं काम न्हवतं. काच घरची, शालू तिचाच, अन् ती चुलीपाशी बसलेली असायची.

मला हे ठाऊक न्हवतं असं न्हाई. बायकोला काय दाखवायचं, असं वाटायचं.