अभिप्राय घ्यायला निघालेली वहिनी

माझी वहिनी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तिच्या दवाखान्याचा काउंटर सांभाळून माझं डोकं पार उठलंय. पेशंट चार-पाच वेळा येतात आणि मधेच गायब होतात. फोन करावा तर कुणी गावाला गेलेलं, कुणाला एकदम बरं वाटायला लागलेलं. असंच चाललं तर दवाखान्याला कुलूप लागणार, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

म्हणून वहिनीने अभिप्राय घ्यायचं ठरवलं. आपलं काय चुकतं ते पेशंटना विचारायचं, ओळखीच्या डॉक्टरांनाही विचारायचं. कल्पना झकास. पण बाईसाहेबांनी वेळ कोणती निवडावी? पेशंट पालथा, त्याचा पाय हिच्या हातात, आणि ही वरून म्हणते, "अगदी मोकळेपणाने सांगा हं." कोण सांगेल? सगळ्यांचं आपलं 'उत्तम'. माझ्या आईचा आखडलेला खांदाही घरी हीच बघायची. आईनेही अभिप्रायाच्या कागदावर 'उत्तम'समोर खूण केली आणि खाली 'सून गुणाची' असं लिहिलं.

"अगं, तू समोर नसताना मी विचारते ना त्यांना," मी सांगून सांगून थकले.

"तुला उपचारातलं काय कळतं?" हे उत्तर. मी कपाळाला हात लावला.

मग डॉक्टरांची पाळी आली. दोन गल्ल्या सोडून तिच्या एका वर्गमित्राचा दवाखाना आहे. त्याचा अभिप्राय घ्यायला ती मलाही ओढत घेऊन गेली. आत पाऊल टाकलं तर बाकावर आमची आई, खांदा धरून बसलेली. सकाळी मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाली होती.

वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. मला आईचा राग आला आणि वहिनीची कीवही आली.

"आई, तुम्ही इथे? मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"विचारलंस. माझा हात मागे पिरगळून धरला होतास तेव्हा." आई चष्मा पुसत राहिली. "दुखतंय म्हटलं की तू म्हणायचीस, दुखणारच. मग मी म्हणायचंच सोडलं."

"अहो, पण तो व्यायामच तसा..."

मी तिला कोपराने ढोसलं. तशी ती हळूच म्हणाली, "मी येऊ का आत? काही बोलणार नाही, नुसती ऐकते."

तेवढ्यात आईला आत बोलावलं. ती सावकाश उठली.

"नको गं बाई. तू समोर असलीस की मला दुखत नाही असंच सांगावं लागतं."