टिबुकली सरांची चार अंडी

टिबुकली सर दुसऱ्याची नोंद कधीच खरी मानत नसत. कुणी हौसेने सांगावं, "सर, आमच्या तळ्यात टिबुकलीचं घरटं आहे," की सर विचारत, "अंडी किती?" समोरचा अडखळला की संपलं. "मग घरटं नाही, तुमचा भ्रम आहे," असं म्हणून ते चहा प्यायला लागत. चहा त्याच माणसाचा असे.

त्यांनी आम्हाला शाळेत भूगोल शिकवला. शेपूट नसल्यासारखी दिसणारी, दिसली म्हणेपर्यंत बुडी मारणारी ती चिमुकली पाणपक्षीण त्यांच्या डोक्यात कधी शिरली, कोण जाणे. निवृत्तीनंतर नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत वह्याच वह्या होत्या. नाशिकपासून सायखेड्यापर्यंत लोकांच्या मालकीची लहान तळी कोणती, आणि कुठल्या तळ्यात कुठल्या साली टिबुकलीने पिल्लं काढली, याच्या. बायको कुठल्या साली गेली, हे विचारलं असतं तर त्यांना आठवावं लागलं असतं.

माझ्याकडे मोटारसायकल, म्हणून मी त्यांचा सारथी. प्रत्येक तळ्यावर ते मला बांधावर उभं करत आणि एकटेच पाण्यापाशी जात. घरटं कसं ओळखायचं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. "सांगितलं की लोक अंडी चोरतात." त्या लोकांत मीही आलो. सरांचा मला भयंकर राग येई, आणि त्यांच्याशिवाय रविवार करमतही नसे.

पुढे शेतकऱ्यांनी तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरला. गवत उगवेना, टिबुकली येईना. उरलं ते सायखेड्याकडचं, बाळूभाऊंच्या पणजोबांनी खणलेलं मातीचं तळं. त्यातच शहरातल्या पक्षिमित्रांनी जिल्ह्याची यादी करायला घेतली आणि सरांच्या वह्या परत पाठवल्या. फोटो नाही, साक्षीदार नाही, मानायचं कसं? खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटली. सरांना मात्र जेवण जाईना. शेवटी त्यांनी त्या मंडळींकडून कबूल करून घेतलं, की एक घरटं डोळ्यांनी पाहिलं तर जुन्या नोंदीही घ्यायच्या.

बाळूभाऊंना फोन मी केला. घरट्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही सरांची ताकीद. मग एवढंच सांगितलं, की रविवारी सर चार पाहुणे घेऊन तळं बघायला येताहेत.

आम्ही पोहोचलो तर तळं घासलेल्या परातीसारखं लख्ख. बांधावर खुर्च्या, पुढे रांगोळी. बाळूभाऊ धुतलेली टोपी घालून, हातात नारळ घेऊन उभे. "सर, दोन दिस लागले, पर काडी ठिवली नाय. मधी कुजक्या गवताचा गठ्ठा तरंगत व्हता, लय घाण, त्योबी काढून उकिरड्यावर टाकला. शहरातली मानसं येनार म्हनल्यावर!"

टिबुकली घरटं सोडताना अंड्यांवर ओलं गवत ओढून घेते. बघणाऱ्याला तो कचराच वाटतो. हे मला त्या दिवशी कळलं.

सर उकिरड्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि गवत उपसू लागले. चार अंडी निघाली, त्यातलं एक फुटलेलं.

"सर, सांगायचं तरी! म्या हात लावला असता का?" बाळूभाऊ रडकुंडीला आले.

"तुम्हाला सांगून काय कळणार होतं?" सर मान वर न करता म्हणाले. चहा घेऊन आलेल्या वहिनी ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या.

पाहुण्यांनी अंड्यांची मापं घेतली, फोटो काढले. त्यांची खात्री पटली. जुन्या सगळ्या नोंदी त्यांनी मान्य केल्या.

पुढच्या वर्षी बाळूभाऊंनीही तळ्याला कागद अंथरला. सर अंथरुणाला खिळले. छापील यादी मी त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी आपलं नाव वाचलं, खाली तळमालक म्हणून बाळूभाऊंचं नाव आणि "चार अंडी, नष्ट" हेही वाचलं. मग कागद उलटा करून छातीवर ठेवला.

"हे बाळूभाऊंना दाखवू नकोस," म्हणाले. कुणाची काळजी करताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी "बरं" म्हणालो. सायखेड्याला यादी देऊनच मी त्यांच्याकडे आलो होतो.